समाधान विचारू नका, काय घडलं ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रसूती विभागात काही वर्षं काम केल्यावर तुम्ही आता परिचर्येत पदव्युत्तर शिक्षण घेताय. प्रबंधासाठी आदरयुक्त, स्त्रीकेंद्री मातृत्वसेवा हा विषय मनात आहे. मार्गदर्शकांचं म्हणणं असं की आदर ही मोजण्याजोगी गोष्ट नाही, फार तर डिस्चार्जच्या दिवशी समाधानाची प्रश्नावली भरून घ्या. आदर खरंच मोजता येतो का, त्याने आई-बाळाच्या प्रकृतीत काही फरक पडतो हे कुणी दाखवलंय का, आणि मिडवाइफच्या, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित सुईणीच्या, कामाशी याचा संबंध काय, असं तुम्ही विचारलंय.

मी मिडवाइफ म्हणून काम केलंय आणि पुढे याच विषयाच्या संशोधनात रमले, म्हणून आधी स्पष्ट उत्तर देते. आदर मोजता येतो. पण समाधानाची प्रश्नावली ही त्याची रीत नव्हे आणि डिस्चार्जचा दिवस ही त्याची वेळ नव्हे.

त्या दिवशी बाई काय सांगेल याचा विचार करा. बाळ कुशीत आहे, सुखरूप आहे. स्वतःचा जीव वाचलाय. ज्यांनी बाळंतपण केलं ती माणसं अजून दोन खाटांपलीकडे उभी आहेत, टाके तपासायला त्यांच्याकडेच यायचंय. अशा वेळी ‘सेवा कशी वाटली?’ या प्रश्नाला ‘चांगली’ याखेरीज दुसरं उत्तर येत नाही. त्यात खोटेपणा नसतो. तिची अपेक्षाच मुळात इतकी कमी असते की बाळ जिवंत हाती आलं यातच सगळं भरून पावतं. मांडीवर चापट बसली होती, पडदा न लावता तपासलं होतं, ओरडू नकोस म्हणून दटावलं होतं, हे सगळं ती ‘बाळंतपणात असंच असतं’ या खात्यात टाकून मोकळी होते. समाधान विचारलंत की तुम्ही तिच्या अपेक्षेची उंची मोजता, आणि सेवा बाजूलाच राहते.

हा केवळ माझा अंदाज नाही. टांझानियातल्या दार-ए-सलामच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या अभ्यासात (2016 साली प्रसिद्ध झालेल्या) प्रसूतीनंतर काही तासांतच, रुग्णालयात विचारलं तेव्हा 15 टक्के बायकांनी अनादर किंवा गैरवर्तन झाल्याचं सांगितलं. चार ते सहा आठवड्यांनी घरी जाऊन विचारलं तेव्हा हा आकडा 70 टक्क्यांवर गेला. घरी भेटलेल्या बायकांची संख्या बरीच कमी होती, त्यामुळे 70 हा आकडा जसाच्या तसा कुठेही चिकटवू नका. पण दिशा पाहा. त्याच देशाच्या ईशान्य भागातल्या आठ आरोग्य संस्थांत झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासातही रुग्णालयातून निघताना 19 टक्के आणि नंतर घरी 28 टक्के असा फरक दिसला. फरक लहान, पण दिशा तीच. प्रश्न कुठे विचारला, कधी विचारला आणि कुणी विचारला यावर उत्तर हलतं.

म्हणून पहिला नियम असा धरा: मत विचारू नका, घटना विचारा. ‘तुमच्याशी आदराने वागले का?’ यापेक्षा ‘तुम्हाला तपासणाऱ्या व्यक्तीने स्वतःचं नाव सांगितलं का?’, ‘आतून तपासण्याआधी काय करणार आहे ते सांगून विचारलं का?’, ‘तुम्हाला हवं तसं बसता, चालता, कुशीवर वळता आलं का?’, ‘कळा देताना तुमच्या ओळखीचं कुणी जवळ होतं का?’ हे प्रश्न कितीतरी खरं बोलतात. मनाविरुद्ध काही घडलं होतं हे बाईला अशा प्रश्नांतूनच आठवतं. बऱ्याचदा ती उत्तर देता देता थांबते आणि म्हणते, ‘विचारायचं असतं का आधी?’

काय मोजायचं याची चौकट आता बऱ्यापैकी पक्की झाली आहे. बाउझर आणि हिल या संशोधकांनी 2010 मध्ये जगभरातली माहिती गोळा करून गैरवर्तनाचे सात प्रकार मांडले: शारीरिक मार, संमतीविना उपचार, गोपनीयतेचा भंग, अप्रतिष्ठेची वागणूक, भेदभाव, एकटं सोडून देणं आणि बिल भरेपर्यंत अडवून ठेवणं. 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याविषयी स्वतंत्र निवेदन काढलं. 2015 मध्ये मेघन बोरेन आणि सहकाऱ्यांनी 34 देशांतल्या 65 अभ्यासांचा आढावा घेऊन वर्गवारी नव्याने बांधली. तुम्ही कुठलीही चौकट घ्या, पण ही दुसरी नीट वाचा. तिच्यात व्यावसायिक दर्जा न पाळणं, बाई आणि सेवा देणारे यांच्यातला तुटलेला संवाद, आणि आरोग्यव्यवस्थेच्या मर्यादा हे स्वतंत्र गट आहेत. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. एका खोलीत तीन खाटा, मध्ये पडदा नाही, रात्रपाळीला एकटी सिस्टर: इथे कुणीही वाईट वागलं नाही तरी बाईचा अनादर झालेलाच असतो. फक्त शिव्या आणि चापटा मोजणारं संशोधन शेवटी एका थकलेल्या परिचारिकेच्या अंगावर सगळा दोष टाकतं, आणि तिला एकटीला ड्यूटीवर ठेवणारे नामानिराळे राहतात.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. गैरवर्तन झालं नाही म्हणजे आदर मिळाला असं होत नाही. बाईला कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही, पण आठ तासांत कुणी तिच्याशी एक वाक्यही बोललं नाही, ही सेवा आदराची कशी म्हणायची? हे टिपण्यासाठी पेशन्स अफुलानी यांनी केनियात स्त्रीकेंद्री मातृत्वसेवेची मोजपट्टी तयार केली. ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे भारतातही तपासून घेतली गेली. मूळ पट्टीत 30 प्रश्न आहेत. प्रत्येकाला ‘कधीच नाही’पासून ‘प्रत्येक वेळी’पर्यंत 0 ते 3 गुण, म्हणजे एकूण 90. त्यांचे तीन गट पडतात: प्रतिष्ठा आणि आदर, संवाद आणि स्वायत्तता, आणि आधार देणारी सेवा. केनिया, घाना आणि भारतात ती वापरली तेव्हा सर्वांत कमी गुण संवाद आणि स्वायत्ततेला पडले. नाव न सांगणं, न विचारता तपासणं, हवी ती स्थिती घेऊ न देणं. तुमच्याकडेही हेच दिसेल असा माझा होरा आहे. म्हणूनच केवळ एकूण गुण छापू नका. 90 पैकी 60 या आकड्यामागे प्रेमळ शब्द आणि शून्य संमती असं चित्र सहज लपतं. गटनिहाय आणि प्रश्ननिहाय आकडे द्या. निर्णय कुणी घेतला एवढ्यावरच लक्ष द्यायचं असेल, तर सरस्वती वेदम यांच्या गटाने कॅनडातल्या बायकांना सोबत घेऊन तयार केलेली निर्णयस्वायत्ततेची पट्टी आहे. ती लहान आहे आणि फार नेमकी आहे.

कुठलीही पट्टी घेतली तरी ती भाषांतर करून थेट वापरू नका. आधी काही बाळंतिणींना एकेक प्रश्न वाचून दाखवा आणि ‘यात तुम्हाला काय विचारलंय असं वाटतं?’ असं विचारा. या टप्प्यावर घालवलेला वेळ पुढे विश्लेषणात वाचतो.

आता निरीक्षणाविषयी. लेबर रूममध्ये प्रशिक्षित निरीक्षक बसवून नोंदी घेता येतात, आणि त्याचं एक मोठं काम 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या देशांतल्या त्या अभ्यासात 2016 बायकांच्या प्रसूती प्रत्यक्ष पाहिल्या गेल्या. त्यांतल्या 838 जणींना, म्हणजे 41.6 टक्के बायकांना, शारीरिक किंवा शाब्दिक गैरवर्तन, हिणवणं किंवा भेदभाव सोसावा लागला. कमी वयाच्या आणि कमी शिकलेल्या बायकांच्या वाट्याला हे अधिक आलं. पण मला त्याहून जास्त हादरवणारे आकडे संमतीचे वाटतात: ज्यांना छेद दिला गेला (बाळ बाहेर यावं म्हणून योनिमार्गाच्या तोंडाशी घेतलेला काप) त्यांतल्या सुमारे 75 टक्के वेळा, आणि आतून केलेल्या तपासण्यांत सुमारे 59 टक्के वेळा संमती घेतली गेली नव्हती. हे निरीक्षक समोर बसलेला असताना. कुणी पाहत असलं की माणूस सावरून वागतो, तरीही हे घडलं, म्हणजे न विचारता कापण्यात काही चूक आहे असं तिथे कुणाला वाटतच नव्हतं.

त्याच अभ्यासातली आणखी एक नोंद अशी की गैरवर्तन प्रसूतीच्या आधीच्या 30 मिनिटांपासून नंतरच्या 15 मिनिटांपर्यंत सर्वाधिक होतं. लेबर रूममध्ये काम केलेल्या कुणालाही हे पटेल. बाळाचं डोकं दिसू लागतं, कर्मचाऱ्यांच्या छातीत धडधड सुरू होते, ‘जोर लाव, जोर लाव’चा गलका होतो. ओरडणं, मांड्या दाबणं, पोटावर जोर देणं, घाईने छेद घेणं हे त्या भीतीतून येतं. या पाऊण तासाचं स्वतंत्र विश्लेषण करणं हाच एक उत्तम प्रबंध होईल, हे जाता जाता सांगते.

मार्गदर्शकांचा खरा आक्षेप बहुधा याच्या पुढचा असतो: आदर चांगला, पण त्याने वैद्यकीय निष्पत्तीत काय बदलतं? इथे पुरावा त्यांना वाटतो त्यापेक्षा बराच भक्कम आहे. 1980 मध्ये ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयातला छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. कळांच्या काळात बाईजवळ एक आधार देणारी अनोळखी स्त्री सतत बसवली, एवढाच उपचार. ती बोलत होती, पाठ चोळत होती, हात धरत होती. ज्यांच्याजवळ ती होती त्यांची प्रसूती लवकर झाली आणि गुंतागुंत कमी झाली. त्यानंतर या सोबतीचा परिणाम तपासणाऱ्या अनेक चाचण्या झाल्या. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही संस्था एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून तपासते) 17 देशांतल्या 26 चाचण्या आणि 15 हजारांहून जास्त बायका आहेत. सतत सोबत मिळालेल्या बायकांची प्रसूती नैसर्गिकपणे होण्याचं प्रमाण जास्त, सिझेरियन कमी, वेदनाशामकांची गरज कमी, कळांचा काळ थोडा कमी, आणि बाळंतपणाविषयीच्या कटू भावना कमी. अपाय काही आढळला नाही. इतका स्वस्त आणि निर्धोक उपाय औषधाच्या रूपात आला असता तर एकही प्रसूतिगृह त्याविना राहिलं नसतं. तरी जगभर असंख्य लेबर रूमच्या दारावर नातेवाइकांना मज्जाव आहे.

दुसरा पुरावा घड्याळाचा आहे, आणि तो मला जास्त बोलका वाटतो. 1950 च्या दशकात फ्रीडमन या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमध्ये पहिलटकरणींच्या कळांचे आलेख काढले. 1972 मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी, आज झिंबाब्वे असलेल्या देशात, पार्टोग्राफवर, म्हणजे कळांची प्रगती नोंदवण्याच्या तक्त्यावर, गर्भाशयाचं तोंड तासाला 1 सेंटिमीटर उघडावं अशी सावधानतेची रेषा आणली. उद्देश चांगला होता: अडलेल्या बाईला वेळेत मोठ्या रुग्णालयात पाठवणं. पण ही रेषा पुढे सगळ्यांनाच लागू होणारं वेळापत्रक होऊन बसली. रेषेच्या मागे पडलेल्या बाईला कळा वाढवणारी ड्रिप, मग पोटावर जोर, मग छेद. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतिकाळाच्या 56 शिफारशी काढल्या, त्यात गर्भाशयाचं तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यापासून सक्रिय कळा धरल्या आणि केवळ तासाला 1 सेंटिमीटरपेक्षा गती कमी आहे म्हणून हस्तक्षेप करू नये असं स्पष्ट म्हटलं. सरसकट छेद नको, प्रसूतीच्या दुसऱ्या टप्प्यात हाताने पोट दाबणं नको, सरसकट एनिमा नको, केस काढणं नको; सोबती हवा, हिंडण्या-फिरण्याची मुभा हवी, तोंडाने खाणं-पिणं चालेल. ही यादी वाचताना लक्षात येतं की जे अवमानकारक आहे तेच बहुतेक वेळा शास्त्रदृष्ट्याही निरुपयोगी किंवा अपायकारक ठरलंय. मार्गदर्शकांना पटवायला याहून चांगला मुद्दा माझ्याकडे नाही. संमतीविना दिलेला छेद हा शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे, तो बहुतेक वेळा अनावश्यक शस्त्रक्रियेचाही असतो.

आता मिडवाइफ. एकाच मिडवाइफने, किंवा ओळखीच्या दोघी-तिघींनी, गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत सोबत राहायचं, ही सातत्याची सेवा. तिच्यावरचा कॉक्रेन आढावा मी तुम्हाला दोन्ही आवृत्त्यांत वाचायला सांगेन. 2016 च्या आवृत्तीत मुदतपूर्व प्रसूतीचा धोका 24 टक्क्यांनी कमी दिसला होता, आणि आम्ही सगळ्यांनी तो आकडा भाषणांत भरपूर वापरला. 2024 च्या आवृत्तीत, नवे अभ्यास मिळवून आणि विश्वासार्हतेचे निकष कडक करून पाहिल्यावर, मुदतपूर्व प्रसूतीत फारसा फरक दिसत नाही. नैसर्गिक प्रसूती वाढतात, सिझेरियनची आणि चिमटा किंवा व्हॅक्युमने बाळ ओढून काढण्याची गरज कमी होते आणि बायकांचा अनुभव चांगला असतो, हे मात्र टिकलंय. जुना आकडा अजून पुष्कळ ठिकाणी फिरतो. तुमच्या प्रबंधात तो नको. शिवाय या चाचण्या जवळपास सगळ्या श्रीमंत देशांतल्या आहेत. जिथे मिडवाइफ हा स्वतंत्र परवाना असलेला व्यवसायच नाही, तिथे तेच निष्कर्ष लागू होतील असं गृहीत धरता येत नाही. हाच संशोधनाचा मोकळा पट्टा आहे.

2021 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेला एक अंदाजही तुमच्या वाचनात येईल: मिडवाइफ देऊ शकतात त्या सगळ्या सेवा सर्वांपर्यंत पोचल्या तर 2035 पर्यंत वर्षाला 43 लाख जीव वाचू शकतील. हे गणिती प्रारूप आहे, त्यात कुटुंबनियोजनापासून नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनापर्यंत सगळं धरलंय. एकट्या आदराचा परिणाम म्हणून ते सांगू नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2024 मध्ये मिडवाइफरी पद्धतीच्या सेवेकडे वळण्याविषयी भूमिकापत्र काढलंय, तेही पाहा.

आणि मिडवाइफ आली की आदर आपोआप आला, असं कृपा करून लिहू नका. ओरडणाऱ्यांत आणि चापट मारणाऱ्यांत आमच्याच पेशातल्या स्त्रियाही आहेत. 93 देशांतल्या 2470 मिडवाइफशी बोलून 2016 मध्ये एक अहवाल आला. त्यात त्यांनी स्वतःच्या वाट्याला येणारा अनादर, अपुरा पगार, छळ आणि असुरक्षित कामाची जागा यांविषयी सांगितलं. जिला वरिष्ठ सगळ्यांसमोर झापतात, जिला बसायला खुर्ची नाही, ती बाई दुसऱ्या बाईचा हात धरायला वेळ आणि मन कुठून आणणार? तुमच्या अभ्यासात बाळंतिणींबरोबर कर्मचाऱ्यांच्या मुलाखती ठेवा, आणि त्या पाळीत किती जणी होत्या, किती बाळंतपणं चालू होती, ही नोंद प्रत्येक मुलाखतीला जोडा. ही एक जोडणी बहुतेक प्रबंधांत नसते.

बदल घडवणाऱ्या प्रयोगांविषयी थोडंच सांगते. केनियातल्या हेशिमा प्रकल्पात 13 संस्थांमध्ये धोरण, रुग्णालय आणि समाज अशा तिन्ही पातळ्यांवर काम झालं; अनादराचं प्रमाण 20 वरून 13 टक्क्यांवर आलं. टांझानियातल्या स्ताहा प्रकल्पात लोक आणि कर्मचारी यांनी मिळून सनद तयार केली आणि रुग्णालयाने सुधारणेची कामं हाती घेतली. तिथे अनादराची शक्यता तुलनेच्या रुग्णालयापेक्षा 66 टक्क्यांनी घटली. दोन्हींत कर्मचाऱ्यांना केवळ ‘गोड बोला’ असं शिकवून सोडलं नव्हतं. एका दिवसाच्या कार्यशाळेचा आधी-नंतर अभ्यास करण्याचा मोह होईल, तो टाळा. कार्यशाळेनंतर प्रश्नपत्रिकेतले गुण नेहमीच वाढतात आणि लेबर रूम आहे तशीच राहते.

तुमच्याकडे वेळ आणि माणसं मर्यादित असतील, तर माझा सल्ला असा. निरीक्षण टाळा, त्याला प्रशिक्षित लोक लागतात. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांच्या आसपास, घरी किंवा रुग्णालयाबाहेर, त्या रुग्णालयात काम न करणाऱ्या स्त्रीने मुलाखती घ्याव्यात. तुम्ही त्याच विभागात काम केलं असेल तर तुम्ही स्वतः त्या घेऊ नयेत. ज्यांचं बाळ दगावलं त्या बायकांना सोयीसाठी वगळण्याची पद्धत पडून गेलीय. त्यांना वगळू नका, पण त्यांच्यासाठी समुपदेशक तयार ठेवा आणि मुलाखत अर्ध्यात सोडायची मुभा आधीच सांगा. एकांत मिळाला नाही तर मुलाखत पुढे ढकला. घरातलं कुणी शेजारी बसलं की उत्तरं पुन्हा डिस्चार्जच्या दिवसासारखी येतात.

नैतिक समितीकडे जाण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवा. एक, गंभीर प्रकार कानावर आला, म्हणजे मारहाण किंवा लैंगिक गैरवर्तन, तर तुम्ही कुणाला, किती वेळात आणि बाईच्या कुठल्या परवानगीने कळवाल. ‘संशोधक म्हणून तटस्थ राहू’ हे उत्तर मी समितीवर असते तर मान्य केलं नसतं. दोन, कर्मचाऱ्यांची ओळख. लहान विभागात तारीख आणि पाळी छापली की कोण ड्यूटीवर होतं हे सगळ्यांना कळतं. पाळीची नोंद विश्लेषणासाठी ठेवा, अहवालात मात्र ‘दिवस’ आणि ‘रात्र’ याहून बारीक तपशील देऊ नका, आणि हे कर्मचाऱ्यांच्या संमतिपत्रात पहिल्याच परिच्छेदात सांगा. ते वाचल्यावर बोलायला तयार होणाऱ्यांची संख्या वाढते, आणि बाळंतिणींनी सांगितलेल्या गोष्टींची दुसरी बाजू तुम्हाला त्यांच्याकडूनच मिळणार आहे.